ओल्या हातातली मूठ

बेबाबाईंनी चाकूच्या धारेवर अंगठा आडवा फिरवला आणि चाकू फळीवर ठेवून दिला.

"बोथट आहे."

तो बोथट नव्हता. अंगठ्याच्या कातडीवर बारीक पांढरी रेघ उमटली होती. बेबाबाईंनी ती मुठीत मिटून घेतली. जळगावच्या बाजारातलं हे तिसरं दुकान. पहिल्या दुकानातला चाकू त्यांना जड वाटला होता, दुसऱ्यातला हलका.

"आई, पहिला खरंच जड होता का गं?" कुमुदने हळू आवाजात विचारलं.

"मी कायले खोटं बोलू?" असं म्हणत त्यांनी पिशवीतली जपाची माळ उगाच चाचपली.

कुमुद त्यांची एकुलती एक लेक, फैजपूरच्या कॉलेजात शिकणारी. एनसीसीतून गिर्यारोहणाच्या शिबिराला तिची निवड झाली होती, तीही थेट हिमालयात. दोर कापायला, तंबूच्या खुंट्या तासायला प्रत्येकीजवळ एक मजबूत, न मिटणारा चाकू हवा, असं मॅडमनी बजावलं होतं. सोमवारी सामानाची तपासणी होती. जिचं सामान अपुरं, तिच्या जागी पुढची मुलगी जाणार. वडिलांनी, तोतारामांनी, "जाय बेटा" म्हटलं आणि ते केळीच्या बागेत निघून गेले. बेबाबाई नाही म्हणाल्या नव्हत्या. निवड झाली त्या दिवसापासून त्यांनी शिबिराबद्दल लेकीला एक प्रश्न विचारला नव्हता. फक्त पहाटे तुळशीला पाणी घालताना तांब्या हातात तसाच राहायचा, आणि पाणी कधी संपलं ते त्यांना कळायचं नाही.

"बाजाराला मी येते," असं त्या आपणहून म्हणाल्या तेव्हा कुमुद हरखली होती. आपण का निघालो, हे एकट्या बेबाबाईंना ठाऊक होतं. चाकू मिळाला नाही, तर पोर घरी राहील. नको म्हणायची वेळच येणार नाही.

"अक्का, तुम्ही चाकू पाहू राहिल्या का जावई?" दुकानदार पितांबर हसत म्हणाला. "इतक्या खोडी तर सोयरिकीत बी कोणी काढत नई!"

कुमुदला हसू आलं. बेबाबाईंनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

पितांबरने खालच्या खोक्यात हात घातला आणि दोन चाकू फळीवर मांडले. एकाची मूठ काळ्या प्लॅस्टिकची, गुळगुळीत, नवीकोरी. दुसऱ्याची तपकिरी, वापरून मऊ झालेली.

"हा लष्करी लिलावातला माल. जुना आहे म्हणून परवडतो, नाही तर हाती लागायचा नई. पातं मुठीच्या पार शेवटापर्यंत गेलेलं आहे. वरून चामड्याच्या चकत्या एकीवर एक दाबून बसवल्या आहेत."

बेबाबाईंचा पुढे झालेला हात फळीच्या अलीकडेच थांबला.

सकाळी एस.टी.त कंडक्टर जवळ आला तेव्हाही त्या अशाच खिडकीशी अंग चोरून बसल्या होत्या. त्याच्या खांद्याला चामड्याची बॅग होती. श्रावण चालू होता. महिनाभर त्यांचं एकभुक्त असे, दिवसातून एकच जेवण, आणि चामड्याला हात लागला तर त्या दिवशी तेही नाही, नुसतं पाणी. माहेरी आजीने लावून दिलेला नेम. बाळंतपणातही त्यांनी तो सांभाळला होता.

"चामडं आहे," त्या म्हणाल्या. आवाजात सुटकाच होती. "देवाधर्माच्या घरात कसं चालेल?"

"बरोबर आहे," कुमुद लगेच म्हणाली. "तुझा नेम आहे, आई. राहू दे तो. मी हा प्लॅस्टिकचाच घेते."

हे बेबाबाईंनी गृहीत धरलं नव्हतं. इतका वेळ चाकू नाकारणं त्यांच्या हातात होतं. आता लेकीने आपणहून एक निवडला होता, आणि तो त्यांच्याच नेमासाठी.

"दोर कापून पाह्य ना," पितांबरने सुंभाचा तुकडा पुढे केला.

कुमुदने दोर पायाखाली धरला, दुसरं टोक डाव्या हाताने ताणलं आणि चाकू चालवला. दुकानात वारा नव्हता, तिचे तळवे घामेजले होते. अर्ध्यावर प्लॅस्टिकची मूठ तिच्या हातात फिरली. पातं घसरलं आणि मनगटाच्या बांगडीवर खण्णकन आदळलं.

"काही नाही झालं," कुमुद हसून म्हणाली. "सवय होईल."

बेबाबाई तिच्या मनगटाकडे बघत राहिल्या. बांगडी एवढीशी. तिकडे जाताना पोर बांगडी काढूनच जाणार. सारा जन्म त्यांनी ओल्या हाताने पावशीवर भाजी चिरली होती. पातं धारेने नाही, निसटल्याने लागतं, हे त्यांच्या हातांना पाठ होतं.

त्यांनी पिशवीतून पाण्याचा तांब्या काढला, फडकं सोडलं आणि उजव्या तळव्यावर पाणी ओतलं.

"आई?"

ओल्याच हाताने त्यांनी चामड्याची मूठ उचलली. बोटं मिटली, पुन्हा सैल केली, पुन्हा मिटली. मग दोराचं टोक लेकीच्या हातून घेऊन ताणलं आणि चाकूच्या एका ओढीत दोर कापला. मूठ जागची हलली नाही.

"हा बांधून द्या," त्या पितांबरला म्हणाल्या आणि चाकू फळीवर ठेवला. कुमुद घ्यायला पुढे झाली तशा म्हणाल्या, "हातात देत नसतात पातं. फळीवरून उचल."

परतीच्या एस.टी.त दोघी शेजारी बसल्या होत्या. तापीचा पूल मागे पडला. उन्हं कलली, बेबाबाईंची जेवायची वेळ झाली. कुमुदने पिशवीतून दशम्यांचा डबा काढला आणि झाकण उघडून आईपुढे धरला.

"तू खा. मले भूक नई."

कुमुद काही बोलणार होती. मग तिचं लक्ष आईच्या उजव्या हाताकडे गेलं. तो मांडीवर उताणा, वेगळा ठेवल्यासारखा पडला होता. माळही आज डाव्या हातात होती. कंडक्टर बॅग सावरत शेजारून गेला, बेबाबाईंनी या खेपेला अंग चोरलं नाही.

कुमुदने डब्याचं झाकण आवाज न करता लावलं आणि डबा पुन्हा पिशवीत ठेवला.

बाहेर केळीच्या बागा सुरू झाल्या. बेबाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"तिकडे," त्यांनी मान न वळवता विचारलं, "रात्रीची थंडी किती पडते गं?"