झिपऱ्याचा दहावा

कुत्र्याचा दहावा कुणी करतं का? पण शीतलपुढं कुणाचं चाललंय! शाळेत असताना ते पिल्लू तिनंच आणलेलं. लग्न होऊन जालन्याला मस्तगडात गेली, तरी फोनवर आधी झिपऱ्याची चौकशी, मग आईबापाची. दहाव्या दिवशी सकाळीच ती घनसावंगीच्या जीपमधून उतरली आणि आईला, पुष्पाबाईला, भात शिजवायला लावला.

तिच्या बापाचा, मच्छिंद्रचा, मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. झिपऱ्या साप चावून मेला असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. साप कसला आलाय! रानडुकरं उसात धुडगूस घालत होती, म्हणून यानंच पिठाच्या गोळ्यांत विष कालवून बांधावर टाकलं होतं. गोळ्या टाकल्या की कुत्रं बांधून ठेवायचं, हे उसाच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. हा बाबा वडीगोद्रीला हॉटेलात चहा पीत गप्पा छाटत बसला आणि झिपऱ्या मोकळाच राहिला. लेकीला फोन करताना खरं सांगायला जीभ रेटेना, तोंडातून साप निघाला. मग तो साप रोज हातभर वाढत गेला. परवा तर शेजारची गिरिजाबाई पिठाच्या गिरणीत सांगत होती, मालकाला वाचवायला झिपऱ्यानं नागावर झडप घातली म्हणून. मच्छिंद्र तिथंच होता. त्यानं निर्लज्जासारखी मान हलवली.

शीतलनं बांधावर पत्रावळीत दूधभात ठेवला. सगळे मागं सरले. मच्छिंद्रनं मनाशी ठरवलं होतं, कावळा शिवला नाही तर झिपऱ्याचा राग आहे, मग खरं काय ते सांगून टाकायचं. शिवला तर गप बसायचं. आणि कावळा शिवावा म्हणूनच हा चोर देवाला हात जोडत होता.

हात जोडतो न जोडतो तोच कावळा उतरला आणि खुशाल भात खाऊ लागला.

"बघा, बिलकुल वेळ न्हाई लावला," पुष्पाबाई डोळे पुसत म्हणाली. "कोणावर राग न्हाई, काही मागणं न्हाई. गरीब लेकरू माझं."

मच्छिंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाली होती की सुटका! आता घरी जाऊन जेवायचं तेवढं राहिलं होतं. पण पाय उचलेना.

"शीतल, साप न्हाई चावला त्याला. माझ्याच गोळ्या खाल्ल्या त्यानं. बांधायचं इसरून गेल्तो मी."

शीतलनं पत्रावळीकडं पाठ फिरवली. मग तिनं विचारलं, "अण्णा, तुम्ही आले तव्हा जित्ता होता का तो?"

"होता."

"मंग?"

मच्छिंद्रनं उपरण्यात तोंड खुपसलं.

"मला पाहून शेपटी हलवली, माय. डॉक्टरला फोन लावायचा सोडून मी आधी उरलेल्या गोळ्या उचलत बसलो, कोणी पाहील म्हणून. अन् तो सरपटत सरपटत माझ्याच मागं येऊन राह्यल्ता."