लिंपलेला दिवा

ग्यानबाला जगात एकच औषध ठाऊक होतं, लिंपणं. कणगीला चीर गेली, लिंपा. पत्र्याला भोक पडलं, डांबर लावा. हौद पाझरायला लागला, सिमेंट थापा. द्वारकाबाईनं त्याच्या संसारात अख्खी हयात काढली होती. त्यामुळे मोटारीच्या पुढच्या दिव्यात पाणी साचलेलं दिसलं, तेव्हाच तिच्या कपाळाला आठी पडली.

एरवी तिनं त्या दिव्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण घरात पारुबाई होती. पारुबाई म्हणजे ग्यानबाची थोरली बहीण, द्वारकाबाईची नणंद. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. हिंगोलीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला दिलेली पहिली तारीख साखर वाढल्यामुळे चुकली. दुसऱ्या तारखेला पहाटे निघाले, तर सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकडून असं दाट धुकं आलं, की डाव्या दिव्याचा उजेड काचेतच जिरायला लागला. ग्यानबानं औंढ्याच्या अलीकडूनच गाडी माघारी वळवली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "आता मंगळवारी सकाळी सातला या. आणखी लांबवलंत तर डोळ्याची हमी मी देणार नाही."

एसटीत पारुबाईला उलट्या व्हायच्या, आणि मुळात तिला जायचंच नव्हतं. डोळ्याला सुरी लावतात, या भीतीनं ती अर्धी झाली होती. दिवा बिघडल्यापासून मात्र तिला चांगली भूक लागायला लागली.

"दिवा बरा न्हाई ना? मंग राहू दे," ती भाकरी कुस्करत म्हणायची. "नागनाथाच्या मनात न्हाई."

"नागनाथाला दुसरी कामं हायेत, आक्का," द्वारकाबाई म्हणायची. "तुमच्या भावाच्याच मनात न्हाई."

ग्यानबाच्या मनात होतं, पण हातात नव्हतं. त्यानं आधी दिव्याचं मागचं झाकण काढून मिठाची पुरचुंडी आत सोडली.

"मीठ पाणी ओढून घेतं," तो म्हणाला.

"ओढतं आन् मंग सोडतं. पावसाळ्यात बरणीत काय होतं, कधी पाहिलं का?"

दुसऱ्या दिवशी काचेच्या आत खाऱ्या पाण्याचे ओघळ दिसले. मग त्यानं गाडीचं तोंड न्हाणीच्या चुलीकडे करून चुलीत जाळ घातला. दिवा जरा निवळला, बंपर मात्र काळा झाला, आणि सकाळच्या गारठ्यात काच पुन्हा घामेजली. तेव्हा त्यानं बाजारातून खिडकीच्या काचा बसवायची लांबी आणली. गोळा मळून मऊ केला आणि दिव्याच्या मागं जिथं फट दिसेल, नळी दिसेल, टोपण दिसेल, तिथं अंगठ्यानं दाबून बसवला.

"हे काय करून राहिले तुमी?"

"पाणी आत जाऊन राहिलं. वाटच बंद करून टाकतो."

"आन् आत हाय ते कुठून बाहेर येईल?"

"सुकंल."

"कशानं?"

ग्यानबानं बोटं धोतराला पुसली.

द्वारकाबाईला माहेरचा कंदील आठवला. बैलगाडीच्या खाली आसाला टांगलेला असायचा. संध्याकाळी राखेनं आणि चिंधीनं काच पुसली, की तो रात्रभर निर्मळ जळायचा. पावसात भिजायचा, चिखल उडायचा, पण त्याचं कौतुक करायला कुणी आठ-आठ दिवस उकिडवं बसत नसे. ही मोटार लेकानं हौसेनं घेऊन दिली होती, आणि तिच्या एका डोळ्यापायी घरात कुणी सुखानं चहा प्यायला नव्हतं.

सोमवारी काच आतून इतकी ओली झाली, की तळाशी पाणी हलताना दिसलं. द्वारकाबाईनं पदर खोचला आणि स्वतःच गाडीत जाऊन बसली.

"चला औंढ्याला. मुन्नाकडं."

"कशाला? उद्यापस्तोर सुकंल."

"मी उतरत न्हाई."

मुन्ना मिस्त्रीचं गॅरेज औंढ्याच्या रस्त्याला होतं. त्यानं बॉनेट उघडून डोकं आत घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. खांदे हलत होते, म्हणजे हसत असावा.

"काका, हे कुणी लिंपलं?"

"काहून? बराबर न्हाई का?"

"एकदम पक्कं आहे. घराचं माळवद असतं तर पावसाळाभर गळलं नसतं. पण दिव्याला हवा लागते, काका. तो गरम होतो, गार होतो. त्याच्यासाठी या दोन नळ्या ठेवल्यात. तुम्ही त्याचं नाक बी दाबलं, तोंड बी दाबलं."

"कंदिलाला सुद्धा वर भोकं असतेत," द्वारकाबाई म्हणाली.

"तू गप," ग्यानबा म्हणाला.

ती गप्प बसली, पण स्टुलावर बसली आणि काम संपेस्तोवर हलली नाही. मुन्नानं पोलादी पटाशीनं लांबी खरवडली, दिवा काढून उन्हात उघडा ठेवला, मागचं चिरलेलं रबर बदललं आणि नळ्या तारेनं मोकळ्या केल्या. ग्यानबानं दोनदा विचारलं, की निदान एक तरी नळी बुजवलेली बरी नव्हे का? दोन्ही वेळा द्वारकाबाईनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

मंगळवारी पहाटे अंगणात धुकं होतंच. ग्यानबानं दिवे लावले. काच लख्ख होती, आतला बल्ब घासलेल्या वाटीसारखा चमकत होता. रस्त्यापलीकडचा बाभळीचा बुंधा दिसत होता.

पारुबाई शाल गुंडाळून उंबऱ्यावर उभी होती.

"मला दाखवा आधी. मागच्यावानी अर्ध्यातून माघारी यायचं असंल तर मी येत न्हाई."

द्वारकाबाईच्या ओठांवर चार शब्द आले होते. तिनं ते गिळले आणि आक्काचा हात धरून तिला गाडीपुढं आणलं. पारुबाई बॉनेटवर हात टेकून वाकली. डाव्या दिव्यात बघत राहिली.

"अजून धुकंच हाय की आत."

ग्यानबाचं तोंड उघडलं. द्वारकाबाईनं त्याचा दंड दाबला.

"आन् ह्या दुसऱ्यात, आक्का?"

ह्या दुसऱ्यात कधी थेंबभर पाणी गेलं नव्हतं. पारुबाई बॉनेट चाचपत पलीकडे गेली, वाकली, डोळे पदरानं पुसले, पुन्हा वाकली.

"ह्यात बी तसंच हाय," ती म्हणाली. मग जरा थांबली. "ग्यानबा, ह्या दिव्याला काय झालतं?"

"काई न्हाई, आक्का. हा चांगलाच होता."

पारुबाई सरळ उभी राहिली आणि तिनं भावाच्या तोंडाकडे पाहिलं, जिकडून आवाज आला तिकडे.

"दार कोण्या अंगाला हाय?"

द्वारकाबाईनं दार उघडलं, तिला आत बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसली. आक्काचा हात गार पडला होता. तो तिनं आपल्या मांडीवर घेतला.

"हळू चालव," पारुबाई भावाला म्हणाली. "पण मी काई बी बोलले तरी माघारी वळवू नको."