पाळीचं पाणी

"एकच पाणी कितीदा गाळतं वं? मांगं रांग लागली!" सिंधूताईने आपला पाण्याचा रिकामा पितळी गुंड पार्वतीबाईच्या गुंडावर आपटला.

"तिसऱ्यांदा गाळून राहिली. हे पाह्य."

गाळण्याच्या धडप्यावर पिठासारखी बारीक माती होती. सिंधूताईने ती बोटाने चोळली. "मग काय झालं? नदीले पूर आहे."

"नदीची रेती जाड राह्यते. हे पाळीच्या पोटातलं आहे."

पाळ म्हणजे कन्हान नदीचा पूर गावात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा लांब बांध. त्याच्या पायथ्याशी अकरा वर्षं एक झिरा पाझरत होता. गाव त्याचंच पाणी पीत असे. गुंड भरेपर्यंत पार्वतीबाईची सासूची सगळी गाऱ्हाणी सांगून व्हायची. आज गाऱ्हाणं सासूच्या गुडघेदुखीपर्यंत यायच्या आतच गुंड भरला. भादव्याचा पाऊस चार दिवस थांबला नव्हता, नदी पाळीला घासून चालली होती, आणि पाळीला लागून पहिलं घर पार्वतीबाईचं होतं.

तिने सरपंच वामनरावांना सांगितलं. त्यांनी दोन बैलबंड्या पांढरी माती आणवली, झिरा ठासून बुजवला, वरून शेणाने सारवून घेतला आणि नारळ फोडला. झिरा बंद झाला. खोबरं सगळ्यांना पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वतीबाई शेळीसाठी गवत कापायला पाळीवर चढली. बुजवलेल्या झिऱ्याच्या वर, कमरेइतक्या उंचीवर तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. काल तिथे जमीन टणक होती. तिने विळा खोचला. विळ्यामागून पाणी आलं, गढूळ.

ती घरी आली. नवरा, नत्थू, चहा पीत होता.

"अवो, वसरीच्या फरशीसाठी आणलेली रेती अन् गिट्टी पाहिजे."

"काहून?"

"झिरा उकरतो."

"काल बुजवला, आज उकरतं?"

"बुजवला म्हणून पाणी थांबलं काय? नदी तेवढीच आहे. ते आतमंदी वर चढून राहिलं. पाण्याले जाऊ द्याचं, मातीले जाऊ द्याचं नाई. गाळण्यावानी."

नत्थूने कप खाली ठेवला. त्या फरशीसाठी तो दोन वर्षं कामठीच्या बंड्या हाकत होता. "पाळ गेली तं फरशी कुठं घालशीन," एवढं म्हणून त्याने बैल जुंपले.

पाळीपाशी वामनराव छत्री घेऊन उभे होते. "नत्थू, तुह्या बायकोले आवर गा! बुजवलेलं भोक उकरते!"

"भाऊजी, तुमचं घर टेकडावर आहे," पार्वतीबाई म्हणाली आणि तिने लोखंडी सब्बल हाणली.

मातीचा बोळा उडाला, चहासारखं पाणी उसळलं. वामनराव चार पावलं मागे सरले. मग गलका ऐकून आलेल्या सिंधूताईने पदर खोचला, तिच्यामागे बाकीच्या बायकांनी. आधी भोवती मातीने भरलेल्या पोत्यांचं कडं रचलं. त्यात बारीक रेती टाकली, तिच्यावर गिट्टी, सगळ्यात वर दगड. पहिली बंडी रेती पाण्याने उडवली. दुसरी अर्धी राहिली. तिसरी बसली. नत्थूच्या घरी फरशीचं सामान उरलं नाही.

दिवस कलताना दगडांतून पाणी येतच होतं, पण नितळ. पार्वतीबाईने धडपं धरलं. कोरं. तिसऱ्या दिवशी पाळीवरच्या गवतात तिचा पाय रुतला नाही.

आठ दिवसांनी पूर ओसरला आणि ओव्हरसियर जीपमधून आले.

"पाळ वाचली कशी?"

"पांढऱ्या मातीनं झिरा बुजवला, साहेब," वामनराव म्हणाले. "मी सोता उभा होतो."

ओव्हरसियरांनी ते वहीत लिहून घेतलं. मग त्यांचं लक्ष पोत्यांच्या कड्याकडे गेलं. "मग हे वाहतं ते?"

वामनरावांनी क्षणभर विचार केला. "हे बायकाइचं पाणी आहे."

साहेबांना तहान लागली होती. पार्वतीबाईने पेल्यावर धडपं धरून पाणी ओतलं. पेला त्यांच्या हातात दिला आणि स्वतः धडपं उजेडाकडे धरून बघत राहिली.

"पाणी तर काचेसारखं आहे बाई. गाळता कशाला?"

"पाण्यासाठी नाई, साहेब," ती म्हणाली. "पाळ पाहून राहिली."

ओव्हरसियरांनी पाणी पिऊन टाकलं. तिचं ते बोलणं त्यांनी वहीत लिहिलं नाही.