पाग्मेचं पान

शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात मेआझा अर्ज भरून देणाऱ्या एत्ये अत्सेदेच्या टेबलापुढे बसली, तेव्हा मांडीवरच्या लेकीपेक्षा, सोलियानापेक्षा, तिचीच चुळबुळ जास्त होती. अमेरिकेतल्या या अख्ख्या अलेक्झांड्रियातली इथिओपियन मंडळी सरकारी अर्ज भरायला याच टेबलाशी येत. चर्चमधल्या बायकांनी तिला छातीठोकपणे सांगितलं होतं, की इथे बायकोला तीन वर्षांतच नागरिकत्वाचा अर्ज करता येतो.

"नवरा नागरिक असेल तर," एत्ये चष्म्यावरून बघत म्हणाली. "आणि तोही आधीची तीनही वर्षं. तुझ्या गेताहुनकडे अजून ग्रीन कार्डच आहे, त्याचा तुला काडीचा उपयोग नाही. तुझी स्वतःची पाच वर्षं भरायला हवीत."

नागरिकत्वाच्या परीक्षेच्या भीतीने गेली कित्येक वर्षं अर्ज टाळत आलेला गेताहुन खुर्चीत आणखी खाली सरकला.

पण मेआझाची पाच वर्षं सप्टेंबराच्या सुरुवातीलाच भरत होती, अर्ज नव्वद दिवस आधी चालत होता आणि जून अर्धा सरला होता. म्हणजे आजही चालला असता! तिला आई आठवली. डेब्रे मार्कोसच्या घरात एकटी राहणारी, व्हिसा दोनदा नाकारला गेलेली, नातीला फक्त फोनच्या काचेतून पाहिलेली. आईला कायमचं बोलावून घ्यायचं, तर मुलगी नागरिक हवी. ग्रीन कार्डवर ते होत नाही.

या पाच वर्षांत देशाबाहेर सलग किती दिवस होतीस, असं एत्येने विचारलं. मेआझा तारखा आठवत होती, तोवर गेताहुन सरसावला.

"सहा महिने झालेच. मी मोजलेत ना. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायचो. सहा पानं झाली."

एत्येने पेन खाली ठेवलं. सहा महिने ओलांडले, की वास्तव्यात खंड पडला असं धरतात आणि वर्षं बहुतेक नव्याने मोजावी लागतात. पासपोर्ट आणलाय का? नव्हता आणला. मग पुढच्या शनिवारी घेऊन ये, ती म्हणाली, पण फार आशा धरू नकोस.

 वडिलांच्या आजारपणात मेआझा डेब्रे मार्कोसला गेली होती, ती त्यांच्या मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस करूनच परतली. जरा लवकर निघायला हवं होतं का, हा प्रश्न तिने गाडीत घरी पोचेपर्यंत स्वतःला दहा वेळा विचारला.

घरी तिने कॉफीच्या बिया भाजायला घेतल्या. गेताहुन अपराध्यासारखा दारात घुटमळला आणि मग कपाटावरून एक गुंडाळी काढून तिच्यापुढे ठेवली. चर्चचं ते जुनं इथिओपियन कॅलेंडर त्याने रबर लावून जपलं होतं.

"फेकवलं नाही मला," तो म्हणाला.

ती रागावणार होती, पण फुल्या पाहून विरघळली. पहिलं पान हामले महिन्याचं, दुसऱ्या तारखेपासूनचं. मग नेहासे. तिसऱ्या पानावर मात्र तिचा हात थबकला. त्याच्यावर चौकटी होत्या फक्त पाच.

"गेताहुन, हा कोणता महिना?"

"पाग्मे."

"किती दिवसांचा?"

"पाच," तो ओशाळून म्हणाला. तीस-तीस दिवसांचे बारा महिने झाल्यावर वर्षाच्या शेवटी उरलेले पाच दिवस; ज्याचा पगारही कोणी वेगळा देत नाही, असा तेरावा महिना. बिया करपायला लागल्या, तसा मेआझाने गॅस बंद केला आणि आधी फुल्या मोजल्या. शेवटचं पान हिदार महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी थांबत होतं. दोनदा मोजलं, मग धीर करून पासपोर्टावरचे शिक्के ताडून पाहिले. एकशे एकोणपन्नास. पाच महिनेसुद्धा नाहीत.

फोनवर हे ऐकून एत्ये अत्सेदे खो खो हसत सुटली. "काय नवरा आहे गं तुझा! पाच दिवसांच्या विरहाला महिना म्हणतो. या लवकर, तळघराला अजून कुलूप लावलेलं नाही."

तासाभरात अर्जावर सही झाली. एत्येने गेताहुनच्या हातात परीक्षेचं पुस्तक कोंबलं आणि बायकोच्या आधी पास होऊन दाखव, असं बजावलं.

मेआझाने पार्किंगमधूनच आईला फोन लावला. आधी मी नागरिक होईन, मग तुझा अर्ज, वेळ लागेल, सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग बर्बेरे मसाल्याच्या मिरच्या यंदा वाळवू, की पुढच्या वर्षी?"

"यंदाच वाळव," मेआझा म्हणाली. "तुला उशीर झाला, तर मीच येईन खायला. सोलियानाला घेऊन."

"आणि राहशील किती?"

मेआझाने पुस्तकात नाक खुपसून बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "चार पानं," ती म्हणाली. "त्यातलं एक पाग्मेचं."