न रडलेली लेक

आई, गोदाबाई, गेल्याचं कळलं तशी नूतन वारासिवनीहून पहिल्या बसने माहेरी निघाली. पोचली तेव्हा अंगण बायांनी भरलं होतं. खैरलांजीकडच्या त्या गावात लेक आली की बाया सरकून वाट देतात आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे लागतं. लेकीने आईच्या पायांवर पडायचं, हंबरडा फोडायचा. नूतन पायांवर पडली. छातीवर धोंडा ठेवावा तसा तिचा श्वास कोंडला होता. पण डोळ्यांतून टिपूस येईना. रेती गेल्यासारखे ते नुसते चुरचुरत राहिले.

शेजारी तिची भावजय संध्या हेल काढून रडत होती. "माय वं, आमाले कोनाच्या भरवशावर सोडून गेली वं." गोदाबाईंचं शेवटचं वर्ष अंथरुणातच गेलं होतं आणि त्यांचं हागणंमुतणं संध्यानेच काढलं होतं. तिचा गळा ऐकून बाकीच्या बायांनाही भरून येत होतं. त्या सगळ्यांच्या मधे नूतन कोरडी बसली होती.

"पोटची लेक हाय," चुलती सत्यभामा कोणाला तरी म्हणाली. आवाज हळू होता, पण नूतनला ऐकू जाईल इतपत. "पाय ना, डोळा वला नाई झाला."

नूतन उठली आणि घरामागच्या न्हाणीत गेली. ओंजळीत पाणी घेऊन तिने डोळ्यांत मारलं, गालांवर ओघळू दिलं, पदराचं टोक भिजवून घेतलं. वळली तर दारात संध्या. तिच्या हातात रिकामी कळशी होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. संध्या आत आली. कळशी भरली आणि निघून गेली.

संध्याकाळपर्यंत ते सत्यभामाकाकूला कळलं होतं, म्हणजे गावाला कळलं होतं.

तेरवीच्या पंगतीत नूतनला पुरीचा घास गिळवेना. गेली काही वर्षं तिचं तोंड कापूस कोंबल्यासारखं सुकलेलं असायचं. प्रत्येक घासामागे ती पाण्याचा घोट घेत होती. समोरच्या पंगतीतून काकू म्हणाली, "पानी तं घटघटा पेऊन राह्यली. मंग जाते कुठं?" दोनतीन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. नूतनने पान तसंच ठेवलं.

परतताना बसमध्ये तिच्या मनात आलं, काकू खरं बोलत असेल तर? माझी माया आटली असेल तर? कोणत्या लेकीला आईच्या मढ्यासमोर पाणी लावून रडायची वेळ येते? हे ती नवऱ्याशी, राजेंद्रशी बोलू शकली नाही. तसंही राजेंद्र अलीकडे तिला चारचौघांत न्यायचं टाळायचा. तिचे दात हिरडीपाशी काळे पडून एकेक तुटत चालले होते. ती चोरून तंबाखू-सुपारीचा खर्रा खाते, असा त्याचा संशय होता. एकदा तर त्याने तिची पर्स उलटी करून बघितली होती. त्यात सुपारीचं खांडही नव्हतं, तरी त्याचा संशय गेला नाही, आणि तिचं हसणं गेलं.

पुढच्या आठवड्यात तिचा डावा डोळा लालभडक झाला. उजेड सहन होईना. मग राजेंद्र तिला बालाघाटला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर ऋता तिथल्याच. शिकून परत आल्या होत्या आणि बसस्टँडमागे त्यांनी दवाखाना उघडला होता. त्यांनी डोळा यंत्रातून पाहिला, मग खालच्या दोन्ही पापण्यांत कागदाची बारीक पट्टी अडकवली.

"डोळे मिटून बसा ताई. हा कागद किती भिजतो ते बघायचंय." मग त्यांनी विचारलं, "तोंड कोरडं पडतं का?"

"हौ."

"सकाळी बोटं आखडतात? कानाखाली गाल सुजतात?"

"हौ. बोटं तं लै आखडते. दवाखान्यात वाताचं औषद देल्लं होतं. गाल सुजले तं गालफुगी म्हनले."

राजेंद्रला राहवलं नाही. "मॅडम, दात पाहा ना तिचे. तोंडात काही ठेवते ते. मी विचारलं तं सांगत नाही."

दाराशी दुसरे पेशंट बसले होते. नूतनचे डोळे मिटलेले होते, तरी सगळे आपल्याच तोंडाकडे बघताहेत हे तिला जाणवत होतं. डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. टॉर्च लावून तिचं तोंड पाहिलं. लाकडी चमचा जिभेला लावला तर तो चिकटून बसला.

"खर्रा नाही हा," त्या राजेंद्रला म्हणाल्या. "तोंडात लाळच नाही. लाळ दातांना राखते. ती नसली की दात असेच किडतात."

मग त्यांनी पट्ट्या काढल्या. टोकाशी जरा ओल होती, बाकी कागद कोरडा ठणठणीत.

"शेवटचं रडलात कधी, ताई?"

नूतनने पदराचं टोक मुठीत धरलं. "माय मेली तवा बी नाई रडली मी," ती म्हणाली. "पानी लावलं होतं डोळ्याले. लोकाइले दाखवाले."

राजेंद्रने तिच्याकडे पाहिलं. त्याला हे ठाऊक नव्हतं.

"दुःख होणं वेगळं आणि डोळ्यांत पाणी येणं वेगळं," डॉक्टर ऋता म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांत पाणी तयारच होत नाहीये. हा नुसता डोळ्यांचा आजार नाही. नागपूरला जावं लागेल, सांध्यांच्या डॉक्टरांकडे."

नागपूरला रक्त तपासलं. खालच्या ओठाच्या आतून मुगाएवढा तुकडा काढून तोही तपासला. तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, शोग्रेन. शरीर राखणाऱ्या पेशीच शत्रू समजून स्वतःच्या ग्रंथींवर तुटून पडतात, आधी अश्रूंच्या आणि लाळेच्या, मग सांध्यांवरही. मुळापासून जाणार नाही, पण आवरता येईल. डोळ्यांत दिवसभर थेंब घालायचे, सांध्यांसाठी रोजची गोळी, लाळ सुटायची वेगळी गोळी, आणि ठरल्या वेळी तपासणी.

गाडीत राजेंद्र खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी तुई पर्स पाह्यली होती."

"मले मालूम हाय," नूतन म्हणाली. घरी पोचल्यावर त्याने तिचं औषध स्वतः फळीवर लावलं आणि थेंबांच्या वेळा तोंडपाठ केल्या.

बातमी भावाला, धर्मेंद्रला कळली. चार दिवसांनी संध्या एकटीच वारासिवनीला आली. चहा ठेवला तरी ती पाटावर बसेना.

"ताई, मीच सांगितलं होतं काकूले. न्हानीतलं."

"खोटं कुठं सांगितलं तू? लावलंच होतं मी पानी."

संध्या जमिनीवर बोटाने रेघा ओढत राहिली. "माय गेल्या तवा मले पह्यले सुटल्यासारखं वाटलं. वर्षभर झोप नोती. मंग मलेच माही लाज वाटली, अन् मी जोरात रडली. तुमच्याकडे पाह्यलं तं वाटलं, बरं झालं, कोनीतरी माह्यापेक्षा वाईट हाय."

आपण वर्षभरात किती वेळा आईपाशी जाऊन बसलो, हे नूतनला आठवलं. बोटं दुखतात म्हणून तिने किती फेऱ्या टाळल्या होत्या. तिने कप संध्याच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी बसून राहिली.

वर्षश्राद्धाला नूतन गावी गेली तेव्हा तिची बोटं सकाळी वळत होती. अंगणात सत्यभामाकाकूने तिला सगळ्या बायांसमोर जवळ ओढलं.

"पाहा माय, असं काळीज पायजे लेकीचं. मायच्या दुखात डोळेच सुकले पोरीचे."

संध्याने आजाराचं सांगितलं होतं, गावाने त्याचं हे करून घेतलं होतं. बाया हळहळल्या. एकीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. नूतनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दिवशी न्हाणीत डोळ्यांत पाणी मारताना वाटली होती तशीच खोटेपणाची लाज तिला वाटली. गप्प राहिली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं.

"नाई, काकू," ती म्हणाली. "मायच्या दुखानं नाई. आजार पह्यलेपासून होता. माय नसती गेली तरी डोळे सुकलेच असते."

"राहू दे वं, कायले सांगते असं?" काकूचा चेहरा उतरला. गोष्ट तिला तिच्या पद्धतीनेच बरी वाटत होती.

बाया हळूहळू पानांकडे वळल्या. नूतन खांबाला टेकली, पिशवीतून थेंबांची बाटली काढली, आणि तिथेच अंगणात, सगळ्यांच्या देखत, मान वर करून डोळ्यांत थेंब घातले. लाज वाटत होतीच.