तिच्या मापाची सायकल

"टाचा टेक अगं. टाचा उचलून कुणाला फसवतेस?" सासूबाई म्हणाल्या.

ती अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभी होती. दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक वर दाबून धरलेलं. सासूबाईंनी चष्मा सावरला, पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली आणि कमरेला हात लावत सरळ झाल्या. "सुनेचे पाय मोजायची वेळ येईल असं काही वाटलं नव्हतं मला."

दोघी हसल्या, पण दबक्या आवाजात. आतल्या खोलीत तिचा नवरा झोपला होता. तो गाडी शिकवायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. हळूहळू घरातही तेच नाव पडलं.

पूर्वी ती भावाची जुनी सायकल चालवायची. भाऊ ताडमाड, सायकलही तशीच. एका वळणावर तिने पाय टेकवायला घेतला, तो जमिनीला पोचलाच नाही आणि खांद्याचं हाड मोडलं. एक्स-रे काढणं हे तिचं रोजचं काम. त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने तिचा काढला. हाड जुळलं. सायकलचा विषय मात्र मास्तरने कायमचा मिटवून टाकला. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी, पायाखाली जादा ब्रेक घेऊन बसणारा माणूस तो. कोण कुठून अंगावर येईल, एवढंच त्याला रस्त्यावर दिसायचं. तिला मात्र पुन्हा सायकल हवी होती, या वेळी स्वतःच्या मापाची.

"मी त्याला आपणहून सांगणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण त्याने विचारलं, तर खोटंही बोलणार नाही."

गावातल्या दुकानात तिच्या मापाची रेसिंग सायकल कुणी ठेवत नव्हतं. ऑनलाइन होती, पण बसून बघायची सोय नाही. त्यात तिची उंची दोन मापांच्या बरोबर सीमेवर. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, उंचीवरून मोठीच घ्या." तिने पायांचं आणि हातांचं माप सांगितलं, तरी त्याचं तेच. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला सोपं होतं. शेवटी ती भावाकडे गेली, अडगळीतली ती जुनी सायकल बाहेर काढली आणि सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर मोजलं. आपण तिच्यावर किती ताणून बसायचो, ते तेव्हा कळलं. तिने लहान माप मागवलं आणि पुढे कितीतरी दिवस तिचं कशातच लक्ष लागेना.

खोकं आलं ते नेमकं मास्तर घरी असताना.

"काय मागवलंस? फ्रिज?"

"सायकल."

मास्तर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "चप्पलसुद्धा आपण पायात घालून बघतो. आणि तू सायकल न बघता घेतलीस?"

"बघता आली नाही म्हणून तर मोजून घेतली."

"आई, तुला माहीत होतं?"

"पेन्सिल माझ्याच हातात होती," सासूबाई म्हणाल्या.

सायकल जोडून झाली तेव्हा संध्याकाळ उतरली होती. पॅसेजच्या दाराची चौकट धरून ती सीटवर बसली. पाय खाली गेला की गुडघा किंचित वाकलेला राहत होता. हात हँडलवर ठेवले तर कोपरं सैल, खांदा अजिबात ओढला जात नव्हता. सायकल कुणीतरी शिवून दिल्यासारखी अंगाला बसली होती. मास्तर भिंतीला टेकून बघत होता.

"न वापरलेली असली तर परत घेतात ना?"

"हो."

"मग बाहेर काढण्याआधी विचार कर. एकदा रस्त्याला लागली की ती आपल्याच गळ्यात."

तिने रात्रभर विचार केला, आणि सकाळी सायकल उचलून जिना उतरली.

पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ तिने कसा चढला, तिचं तिलाच कळलं नाही. इतकी हलकी सायकल तिच्या अंगाखाली कधी आली नव्हती. वरून वळली आणि उतार लागला. वारा कानात शिरला. हात हँडलच्या वरच्या बाजूला होते, ब्रेकच्या मुठी बोटांपुढे. खाली गोदामाचं फाटक दिसलं, आणि फाटकातून एक ट्रक मागे मागे रस्त्यावर येऊ लागला.

तिने ब्रेक दाबला. बोटांची फक्त टोकं मुठीला लागली. जोर येईना. वेग जरासा कमी झाला आणि पुन्हा वाढला.

पाय मोजले, हात मोजले, पाठ मोजली. पंजा मोजायचं सुचलंच नव्हतं.

हँडलची टोकं जिथे खाली वळतात, त्या खालच्या बाकातून ब्रेकची मूठ जवळ पडते, हे तिला माहीत होतं. पण तिथे हात न्यायचा तर एवढ्या वेगात एक हात सोडायला हवा. ट्रक आता अर्धा रस्ता खाऊन बसला होता. तिने उजवा हात सोडला. सायकल थरथरली, डावीकडे कलली. बोटं खालच्या बाकात अडकली. मग डावा हात. दोन्ही मुठी आता घट्ट पकडीत आल्या आणि तिने जीव खाऊन दाबल्या. मागचं चाक घसरलं, रबराचा वास आला, आणि ट्रकच्या पत्र्यापासून हातभर अंतरावर सायकल थांबली.

"मरायचंय का बाई?" ट्रकवाला ओरडला.

ती रस्त्याच्या कडेला बसली.

घरी सायकल चालवत नाही, हातात धरून आली. वाटभर मनात एकच घोळत होतं: सांगावं की नाही? अंगावर ओरखडाही नव्हता. काही बोलली नसती तर कुणाला पत्ता लागला नसता. दार मास्तरने उघडलं.

"ब्रेक लागले नाहीत," ती म्हणाली. आणि सगळं सांगितलं, ट्रकसकट.

मास्तर खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. "तरी मी सांगत होतो," असं त्याच्या ओठांवर आलेलं तिला स्पष्ट दिसलं. सासूबाईंनाही दिसलं असावं, कारण त्या पटकन म्हणाल्या, "आधी तिला पाणी दे."

पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "कशी धरत होतीस, दाखव."

तिने दाखवलं. मूठ आणि तिची बोटं यांच्यामधलं अंतर त्याने वाकून पाहिलं. सायकलबरोबर आलेली माहितीपुस्तिका तिने काल उघडलीही नव्हती. आता उघडली. ब्रेकच्या मुठीच्या आतल्या बाजूला, ती हँडलजवळ आणायला, एक बारीक स्क्रू होता. तिने किल्लीने तो थोडा थोडा फिरवला. मूठ हँडलकडे सरकली. मग दुसरी. बोटांची दोन पेरं आता आरामात वळत होती. मास्तरने दोन्ही ब्रेक स्वतः इतक्यांदा दाबून पाहिले की सासूबाई कंटाळून आत निघून गेल्या.

"मला अजूनही पटलेलं नाही," तो खाली बघत म्हणाला. "तू बाहेर गेलीस की मला घरात बसवत नाही. भीती वाटते मला."

एवढ्या वर्षांत हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. नुसतं नको म्हणायचा.

"मलाही वाटली आज," ती म्हणाली. "खूप."

"मग?"

"मग आधी सपाट रस्त्यावर. उतार नंतर."

तिने खरंच घाई केली नाही. ब्रेक हातात बसेपर्यंत टाकीकडे फिरकलीही नाही. मग एका सकाळी, मास्तरला सांगून, वर गेली. येताना हात सुरुवातीपासूनच खालच्या बाकात होते. गोदामाचं फाटक बंद होतं, तरी तिने तिथे वेग कमी केला, मुद्दाम, अगदी चालण्याइतका. मग पुढे निघाली. घरी पोचली तेव्हा मास्तर शिकवणीला निघून गेला होता. सासूबाई म्हणाल्या, "आज उशीर झाला त्याला. तू लांबून येताना दिसेपर्यंत गॅलरीतून हलला नाही."