आत्याची सुनावणी

उपयोजित भाषाविज्ञानात एम.ए. करून राह्यले असं सांगितलं की आमच्या आष्टीत लोक दोनच गोष्टी विचारतात: नोकरी कुठं लागती, आन लग्न कधी. आधी मी समजावत बसायचे. आता 'बँकेच्या परीक्षेचं चालूय' म्हणते आन मोकळी होते.

दुसऱ्या वर्षाला प्रबंध होता. आमच्या भागातल्या साठीपुढच्या बायकांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, शब्द न् शब्द उतरवायचा आन तपासायचा. अडचण अशी, की मोबाईल पुढं ठेवला की बाया एकदम बातम्या दिल्यावानी बोलायच्या. आमच्या शरयू मॅडम म्हणाल्या, "त्यांना राग आलेला दिवस विचार. चिडलेलं माणूस यंत्र विसरतं." काय डोकं बाईचं, असं वाटलं मला तेव्हा.

म्हणून कुंभार पिंपळगावला चतुराआत्याकडं गेले. माझ्या बापाची थोरली बहीण, वय त्रेसष्ट. संमतीचा फॉर्म वाचून दाखवला. बचत गटात शिकलेली सही तिनं एकेक अक्षर कोरत केली.

"वर साहेब लोकायकडं जाईल का गं हे?"

"जाईल की. बाहेरगावचे मोठे सर ऐकतील."

"बरं मंग," म्हणाली आन पदर सावरून बसली.

"आत्या, तुला लई राग आल्ता असा एक दिवस सांग."

चाळीस मिनिटं बोलली. अकरा वर्षांमागं माझ्या बापानं, तातेरावानं, तिला दिवाळीला माहेरी नेलं. भाऊबीज झाली, आन दोन दिवसांनी 'आईच्या वारसाचं काम हाय' म्हणून परतूरला कचेरीत नेऊन सही घेतली. ते हक्कसोड पत्र होतं. तिच्या वाट्याची तीन एकर, विहिरीजवळची, गेली. आमच्याकडं बहिणी हक्क सोडतातच, रीतच पडलीय मेली. पण विचारून तरी! "मला इचारलं असतं तर म्या हासत दिली असती. सख्ख्या भावानं येडी समजलं गं मला," म्हणाली आन रडली. मंग डोळे पुसले. "आता तू लिवून घेतलंस. आता व्हईल कायतरी."

तिथंच सांगायचं होतं, की आत्या, हा अर्ज न्हाई, ह्यातनं काहीच व्हायचं न्हाई. न्हाई सांगितलं. खोटं कशाला बोलू, मी खुश होते. चाळीस मिनिटांत तिनं एकदाही मोबाईलकडं बघितलं नव्हतं.

प्रबंधात ती झाली 'माहितीदार चार'. खरं नाव द्यायचं नसतं, कुणाचंच. बापाच्या नावाच्या जागी तीन टिंबं आली, आन मला एकदम हायसं वाटलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी तेच रेकॉर्डिंग दोनदा लावलं. आत्याला रडू येतं तिथं थांबवून विचारलं, "इथं स्वर किती लांबलाय?" मी बराबर सांगितलं, सेकंदाच्या हिशोबात. सगळ्यांनी माना डोलावल्या. जमिनीबद्दल एकानं शब्द काढला न्हाई, आन मीबी न्हाई. विभागात पहिली आले.

बापानं घरी जेवण ठेवलं. आत्या सकाळच्याच एसटीनं आली. ओसरीवर बाप, चुलते, शेजारपाजारचे बसलेले. पिशवी खाली न ठेवताच तिनं विचारलं, "दैवशाला, झाली का सुनावणी? काय म्हणले साहेब?"

"कशाची सुनावणी?" बाप म्हणाला.

सगळे माझ्याकडं बघाय लागले. मला पुढं पीएच.डी. करायची होती, आन घरात पुढच्या शिक्षणाला हो म्हणणारा बाप एकटाच होता. 'आत्याला न विचारता जमीन घेतली तुम्ही', एवढंच तर म्हणायचं होतं. दोन वर्षं भाषा शिकले, आन तोंडातनं वाक्य निघंना.

"म्हणले... आत्याचं बोलणं लई अस्सल आहे."

"बघ अक्का!" बाप खुशीत मांडीवर थाप मारून म्हणाला. "तुझ्या बोलण्यावर पोरगी पहिली आली!"

सगळे हसले. आत्या माझ्या जवळ आली. आवाज खाली ठेवून, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाली, "तुझ्यापरीस तुझा बाप बरा गं. त्यानं सही घेतली तवा मला लुगडं तरी नेसवल्तं."